जपाचा हिशेब



आषाढ शुक्ल चतुर्दशी जवळ येऊ लागली की आपल्या घराघरांतून चातुर्मासाच्या नियमांची बोलणी सुरू होतात. कोणी रात्रिभोजनाचा त्याग करतो, कोणी चार महिने हिरवी भाजी वर्ज्य करतो, कोणी पर्वतिथींना एकाशन करण्याचे ठरवतो. अलीकडे या बोलण्यांत एक प्रश्न वारंवार येतो. तो विचारणारे बहुधा तिशी-चाळिशीतले, दुकानाची जबाबदारी नुकतीच खांद्यावर आलेले असतात. ‘रोज थोडा जप करावा असे वाटते. आरंभ कसा करावा?’

हा प्रश्न ऐकून वडीलधाऱ्यांना नवल वाटते. णमोकार म्हणा, नवकार म्हणा, आपला नमस्कार महामंत्र मुलांच्या कानांवर पाळण्यातच पडलेला असतो. त्याचा आता आणखी आरंभ तो काय करायचा? परंतु प्रश्न योग्य आहे. मंत्र पाठ असणे आणि मंत्राचा जप करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाठ असलेला मंत्र जिभेवर असतो. जपात तो मनासमोर यावा लागतो.

व्यापारी घराला मोजण्याचा संस्कार उपजत असतो. त्यात दोष काही नाही. मोजल्यावाचून पेढी चालत नाही. मात्र हाच संस्कार जपात शिरला की काय घडते ते पाहू. मंत्राच्या पाच पदांत अनुक्रमे ७, ५, ७, ७ आणि ९ अशी एकूण ३५ अक्षरे आहेत. एका माळेत १०८ वेळा मंत्र म्हटला की ३,७८० अक्षरे होतात. ‘माझी एक माळ पाच मिनिटांत होते’ असे सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पाच मिनिटांचे ३०० सेकंद धरले, तर प्रत्येक सेकंदाला बाराहून अधिक अक्षरे उच्चारावी लागतील. एवढ्या वेगात पाच परमेष्ठींपैकी एकाचे तरी स्मरण कसे व्हावे? माळ फिरली, संख्या भरली, वहीत नोंदही झाली. मन मात्र तेवढ्या वेळात बाजारात जाऊन परत आले.

घाई हा त्यामानाने लहान दोष. त्याहून मोठा दोष सौद्याचा. अडकलेली रक्कम मोकळी व्हावी म्हणून अकरा माळा, दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागावा म्हणून एकवीस दिवस, मुलीचे लग्न जमावे म्हणून सव्वा लाख जप, असे संकल्प केले जातात. संकटात माणसाला आधार हवा असतो, हे कोणीही समजू शकेल. पण अशा जपाचा शेवट दोनच प्रकारांनी होतो. काम झाले, तर माळ पुन्हा डबीत जाते. काम झाले नाही, तर मंत्रावरची श्रद्धाच उडते. घरातला तरुण मुलगा हे सारे पाहत असतो. वडिलांनी एवढा जप करूनही उधारी बुडालीच, एवढेच त्याच्या मनावर कोरले जाते. पुढे त्याला जपाकडे वळवणे कोणत्याही प्रवचनाला साधत नाही. आपल्या घरांतून धर्म ज्या वाटांनी निघून जातो, त्यांपैकी ही एक वाट आहे, आणि ती आपणच उघडी ठेवलेली आहे.

आपल्या आचार्यांनी या वृत्तीला ‘निदान’ असे नाव देऊन ठेवले आहे. व्रत, तप, जप यांच्या मोबदल्यात भोगांची मागणी करणे म्हणजे निदान. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्ये मानली जातात. आणि ज्याच्या ठायी शल्य नाही तोच व्रती, असे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात म्हटले आहे. शल्य म्हणजे आत रुतलेला काटा. काटा तसाच ठेवून वर कितीही लेप लावला, तरी जखम भरत नाही. जपाचा आरंभ करणाऱ्याने पहिली पाहणी या काट्याची करावी.

मंत्राकडे पुन्हा एकदा नव्या दृष्टीने पाहिले तर ही गोष्ट सहज ध्यानात येते. त्याच्या पाच पदांत मागणी नाही. ‘मला दे’ हा भाव त्यात कोठेही आढळत नाही. एवढेच नव्हे, कोणा एका व्यक्तीचे नावही त्यात नाही. भगवान महावीरांचेही नाही. नमन आहे ते गुणांना. ज्यांनी राग-द्वेष जिंकले ते अरिहंत, जे कर्मबंधनातून सर्वथा मुक्त झाले ते सिद्ध, जे स्वतः आचार पाळून इतरांकडून पाळवून घेतात ते आचार्य, जे शास्त्र शिकवतात ते उपाध्याय, आणि जगातील सर्व साधू. पुढील चूलिकेत या नमस्काराचे फळ सांगितले आहे खरे. पण ते आहे पापांच्या नाशाचे. धंद्यातल्या नफ्याचा उल्लेख तेथेही नाही.

हा नमस्कार फार प्राचीन आहे. दिगंबर परंपरेत षट्खंडागमाचा, तर श्वेतांबर परंपरेत भगवतीसूत्राचा आरंभ याच मंगलाने होतो. ओडिशात भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवर सम्राट खारवेलाचा हाथीगुंफा येथील शिलालेख आहे. तो अर्हंत आणि सिद्ध यांना नमन करून सुरू होतो. आपल्या महाराष्ट्रातही, मावळातील पाले येथील लेण्यात, अर्हंतांना नमन करून आरंभ होणारा ब्राह्मी लिपीतील प्राचीन लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास सह्याद्रीच्या कातळावर कोणीतरी छिन्नीने कोरलेले हे नमन आणि आपल्या देवघरातले नमन यांचा भाव एकच आहे. छिन्नीला घाई करता येत नाही. एकेक अक्षर नीट उमटल्यावरच ती पुढे सरकते.

आता कृतीकडे वळू. ‘दुकान, हिशेब, कर, कामगार यांच्या रगाड्यात ध्यान कसे जमणार?’ असे अनेकजण म्हणतात. त्यांनी आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्राचे स्मरण करावे. बाराव्या शतकातला हा ग्रंथ गुजरातचा राजा कुमारपाल याच्या विनंतीवरून रचला गेला. ज्याच्या शिरावर अख्ख्या राज्याचा भार होता अशा गृहस्थासाठी तो लिहिला, आणि लिहिणारे आचार्य स्वतः वणिक कुळात जन्मलेले. या ग्रंथाच्या आठव्या प्रकाशात पदस्थ ध्यानाचे, म्हणजे पवित्र पदांच्या आधाराने करावयाच्या ध्यानाचे वर्णन आहे. मंत्रजप हा आपल्या योगपरंपरेचा गाभ्यातला भाग आहे. तो बाहेरून आणावा लागत नाही.

आरंभासाठी सर्वांत सोपे माप दिगंबर परंपरेतील कायोत्सर्गात मिळते. नऊ वेळा णमोकार, सत्तावीस श्वासोच्छ्वासांत. एका मंत्राला तीन श्वासोच्छ्वास. श्वास आत घेताना पहिले पद, सोडताना दुसरे. पुन्हा घेताना तिसरे, सोडताना चौथे. पाचवे पद मोठे असल्यामुळे त्याचे दोन भाग करून एक श्वास घेताना व एक सोडताना म्हणावा. यास साधारण दोन-तीन मिनिटे लागतात. श्वेतांबर परंपरेत कायोत्सर्गाची गणना वेगळी असून तेथे एका नवकाराचे आठ श्वासोच्छ्वास धरतात. ज्याने त्याने आपल्या गुरूंनी सांगितलेले माप ठेवावे. दोन्हींचे मर्म एकच: मंत्राचा वेग जिभेने ठरवू नये, तो श्वासावर सोपवावा.

श्वास मात्र ओढूनताणून लांबवू नये, कोंडूनही धरू नये. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात प्राणायामाचे सविस्तर वर्णन केले. तरीही प्राणायामाने पीडलेल्या मनाला स्वास्थ्य लाभत नाही, असा इशाराही त्यांनीच दिला. ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी श्वासाचा विचारच सोडून मंत्र केवळ सावकाश म्हणावा.

बैठक साधी असावी. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून पद्मासनात अथवा साधी मांडी घालून, पाठीचा कणा ताठ ठेवून बसावे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसण्यास कोणतीही आडकाठी नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. तो केवळ उपडा करून शेजारी ठेवल्याने भागत नाही. वेळ सकाळचा उत्तम, तोही दुकानाच्या किल्ल्या हातात घेण्यापूर्वीचा. ज्या गृहिणींना सकाळी डबे आणि शाळेच्या धांदलीत उसंत मिळत नाही, त्यांनी मुले शाळेत गेल्यावरची पाच मिनिटे राखून ठेवावीत. वेळ कोणतीही असो, ती रोज एकच असावी.

जपाचे तीन प्रकार सांगितले जातात. दुसऱ्याला ऐकू जाईल असा तो वाचिक. ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही असा तो उपांशु. आणि ओठही न हलता मनातच चालतो तो मानस. मानस जप श्रेष्ठ मानला जातो, म्हणून नवखा साधक एकदम तेथूनच सुरुवात करतो आणि दुसऱ्या मिनिटाला त्याला डुलकी लागते. त्याने प्रथम काही दिवस स्पष्ट उच्चार करून म्हणावे. त्यामुळे ‘उवज्झायाणं’मधला गिळला जाणारा ‘ज्झ’ ऐकू येतो आणि ‘सव्व’मधले जोडाक्षर नीट उमटते. मुलांना सोबत बसवता येते, हा आणखी एक लाभ. उच्चार शुद्ध झाल्यावर आवाज आपोआप खाली येऊ द्यावा. संपूर्ण मंत्रावर मन ठरत नसेल, तर लहान रूपे आहेतच. द्रव्यसंग्रहात ३५, १६, ६, ५, ४, २ आणि १ अक्षरांचे मंत्र जपण्यास व ध्यानास योग्य म्हणून सांगितले आहेत. ‘अरिहंत’ ही चार अक्षरे, ‘सिद्ध’ ही दोन, आणि पाचही परमेष्ठींच्या आद्याक्षरांतून सिद्ध होणारा ‘ॐ’ हे एक. दिवसभराच्या धावपळीत दोन अक्षरांचे स्मरण कोणालाही करता येते.

एवढे सारे करूनही मन पळणार, हे गृहीत धरावे. तिसऱ्या मंत्राला मालाची गाडी आठवेल, पाचव्याला कोणाचा तरी धनादेश. यामुळे खचून जाण्याचे कारण नाही. सामायिकाचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राने गृहस्थांसाठी सांगितले आहेत: काया, वाणी आणि मन यांची अयोग्य प्रवृत्ती, अनादर, आणि आपण काय करीत आहोत याचा विसर. हे दोष नावे देऊन नोंदवले गेले, याचा अर्थ ते श्रावकांच्या बाबतीत सर्रास घडतात, हे आचार्यांना ठाऊक होते. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात ध्यानाची कालमर्यादाही आहे. उत्तम संहनन असलेल्यालाही चित्ताची एकाग्रता अंतर्मुहूर्तापर्यंतच राखता येते, आणि मुहूर्त म्हणजे आपल्या घड्याळाची ४८ मिनिटे. ज्यांची शरीरशक्ती सर्वश्रेष्ठ त्यांचीही ही मर्यादा. मग आपण तीन मिनिटांत तीनदा घसरलो तर त्यात आश्चर्य ते काय? मन गेले हे ध्यानात येताच त्याला न रागावता पुन्हा त्याच पदावर आणावे. हे परत आणणे हाच आरंभीचा अभ्यास होय.

आकड्यांत रमणाऱ्या मनासाठी आपल्या पूर्वजांनी एक सुंदर युक्ती योजली आहे. श्वेतांबर घरांतून, विशेषतः स्थानकवासी परंपरेत, आनुपूर्वीची छोटी पुस्तिका असते. पाच पदांना १ ते ५ हे अंक देऊन ते निरनिराळ्या क्रमांनी मांडलेले असतात. पाच अंकांचे एकूण १२० क्रम होतात. ते २० कोष्टकांत, प्रत्येकी ६ ओळींप्रमाणे येतात. जो अंक दिसेल ते पद म्हणायचे. क्रम सतत बदलत असल्यामुळे जिभेला सवयीने धावता येत नाही. डोळे, वाणी आणि मन या तिघांनाही हजर राहावेच लागते. ज्याचे मन आकड्यांमागे धावते, त्याला आकड्यांच्याच वाटेने परमेष्ठींपर्यंत आणण्याची ही योजना आहे.

आता माळेविषयी. माळेचे मणी १०८ का, याची एकाहून अधिक उत्तरे परंपरेत आहेत. श्वेतांबर परंपरेत पंचपरमेष्ठींचे गुण १२, ८, ३६, २५ आणि २७ असे मोजतात. त्यांची बेरीज १०८ होते. दुसरे उत्तर आपल्यासारख्या व्यवहारी माणसांनी विशेष ध्यानात ठेवावे असे आहे. कर्माचा आस्रव किती प्रकारांनी होतो, याचा हिशेब तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात मांडला आहे. संरंभ म्हणजे एखादे कृत्य करण्याचा विचार, समारंभ म्हणजे त्याची साधने जमवणे, आरंभ म्हणजे प्रत्यक्ष कृती, हे ३. मन, वचन, काया हे ३. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे, करणाऱ्याला अनुमोदन देणे हे ३. क्रोध, मान, माया, लोभ हे ४. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. एकेक मणी म्हणजे पाप आत येण्याची एकेक वाट, आणि त्या वाटेवर उभे केलेले एकेक नमन.

ही मांडणी दुकानात लावून पाहावी. थकबाकीदाराला आपण स्वतः एकही कठोर शब्द बोललो नाही, पण दिवाणजींना ‘जरा सुनवा त्याला’ म्हणून सांगितले. ती वाट करवण्याची, वचनाची, क्रोधाची. शेजारच्या व्यापाऱ्याने खोट्या बिलावर माल काढला हे ऐकून ‘हुशार आहे’ असे मनात म्हटले. ती वाट अनुमोदनाची, मनाची, लोभाची. मापात फरक करणे आणि मालात भेसळ करणे हे अचौर्य व्रताचे अतिचार म्हणून शास्त्राने स्पष्ट सांगितलेच आहेत. पण माळेचा हिशेब त्याच्याही आधी, त्या विचाराच्या उंबरठ्यावरच सुरू होतो. सकाळी जी माळ फिरली, तिची खरी तपासणी दुपारी गल्ल्यावर होते. हात रागाने फोनकडे गेला आणि नंबर फिरवण्यापूर्वी एक श्वास थांबला, तर सकाळचा जप जमेच्या बाजूला पडला असे समजावे. तो थांबला नाही, तर उद्या पुन्हा बसावे.

म्हणून हिशेब ठेवायचाच असेल, तर किती माळा झाल्या याचा ठेवू नये. आज बसलो की नाही, मन गेल्यावर परतलो की नाही, आणि दिवसभरात एकदा तरी त्या १०८ वाटांपैकी एखादी वेळीच ध्यानात आली की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला द्यावीत. ती कोणाला सांगण्याची गरज नाही. दिवाळीला वहीपूजन करताना अनेक घरांतून शालिभद्राच्या समृद्धीची इच्छा पहिल्या पानावर लिहिली जाते. इच्छेची जागा ती. ती वहीतच राहावी. माळेपर्यंत तिला आणू नये. माळ हातात असेल तेवढा वेळ तरी घरात एक जागा अशी असावी, जेथे देणे-घेणे नाही.

या चातुर्मासासाठी एक लहानसा नियम सुचवतो. सकाळी नऊ वेळा मंत्र, श्वासाच्या गतीने. त्यानंतर आनुपूर्वीची एक ओळ. अधिक मास नसेल तेव्हा चार महिन्यांच्या तिथी १२० होतात आणि आनुपूर्वीच्या ओळीही १२०. रोज एक ओळ म्हटली, तर कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास पुस्तिका पूर्ण होईल. महिन्याभरात सवय जडली तर नऊचे सत्तावीस करावेत, पुढे चोपन्न आणि मग पूर्ण माळ. तीन श्वासांच्या मापाने पूर्ण माळेला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. ज्याला सामायिकाची ४८ मिनिटे पुढे कधीतरी गाठायची आहेत, त्याची अर्धी वाट तेथवर झालेली असेल. नसेल जमले, तर नऊवरच राहावे. नऊ मंत्र सावधपणे म्हणणारा घरातला एक माणूस मुलांना जे शिकवतो, ते सव्वा लाखाचा आकडा शिकवू शकत नाही.

मुलांना हिशेब फार लवकर कळतो. वडील जप करून उठले आणि त्या दिवशी नोकरावर ओरडले नाहीत, एवढी एक नोंद त्यांच्या मनाच्या वहीत पडली, तर ‘जप का करावा’ हा प्रश्न पुढे त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.